निःशब्द अभ्यासिकेची खडखड

हौसा आत्याचा आवाज अजून माझ्या कानाच्या कोपऱ्यात पाय पसरून बसलेला आहे. आत्या लग्नघरांत धवले गायची. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारीण उशिरा आली तर हळद वाटीतच सुकते. मला आठवतो तो मात्र तिचा लग्नातला आवाज नव्हे. भिवंडीत तिची खोली यंत्रमागांच्या, म्हणजे आमच्या भाषेत लूमच्या, कारखान्याला पाठ टेकून होती. मे महिन्यात मी राहनाळहून तिच्याकडे राहायला जायची, आणि दुपारी ती मला मांडीवर आडवी घेऊन थोपटत गायची:

नीज माज्या बाला, लूम बोलं खडाखडा,
लूम झाला मुका, त फुटं नीजंचा घडा.

पहिल्या ओळीतच मला झोप लागायची. दुसरी ओळ मी कधी धड ऐकलीच नाही. पुढे मी मराठीची प्राध्यापिका झाले, लोकगीतांवर प्रबंध लिहिला, दळणाच्या ओव्या एका फाइलीत आणि पाळण्याच्या दुसऱ्या फाइलीत लावल्या, आणि ही एक ओळ फाइलीच्या बाहेर राहिली. ती आत आली असती तर पुढची फजिती टळली असती. पण मग हे लिहायला तरी काय उरलं असतं?

आमचं विद्यापीठ लहान आहे. इतकं लहान की कुलगुरूंना खोकला झाला तर कॉमर्स विभागात आल्याचा चहा होतो. मुख्य परिसर अंबाडीच्या पुढे, माळावर. तिथे इमारती आहेत, बाग आहे, शांतता आहे, आणि विद्यार्थी सोडून बाकी सगळं आहे. विद्यार्थी आहेत ते भिवंडीच्या शहर केंद्रात, म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथे आम्ही बी.ए., बी.कॉम. आणि गोदाम व्यवस्थापनाचं एक प्रमाणपत्र शिकवतो. विद्यार्थी सहाय्य कक्षही आहे. विद्यार्थी सहाय्य कक्ष म्हणजे मी, एक कपाट आणि पाण्याचा फिल्टर. यांपैकी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त सहाय्य फिल्टर करतो.

तर एके सकाळी आमचे लिपिक भूपेश मुख्य परिसराचं परिपत्रक घेऊन आले. भूपेशची एक सवय आहे. वाईट बातमी ते उभ्याने वाचतात आणि चांगली बसून. ते उभे राहिले. परिपत्रकाचा सारांश असा, की महिनाअखेरीस समिती तपासणीला येणार, आणि ज्या केंद्रात ‘निःशब्द अभ्यासिका’ आढळणार नाही, तिथले सगळे अभ्यासक्रम अंबाडीला हलवले जाणार.

अंबाडी नकाशात जवळ आहे. पण वाडा रस्त्यावरचे खड्डे आणि कंटेनर यांना नकाशा ठाऊक नाही. क्षितिजा माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, राहनाळच्या गोदामात सकाळच्या शिफ्टला पार्सलं स्कॅन करते आणि तिथून धापा टाकत दुपारच्या तासाला येते. अंबाडीचं नाव काढल्यावर तिने नुसती ओढणी सारखी केली. तिच्याच बाकावरची रुबीना खिडकीतून गल्लीपलीकडे बघत राहिली. रुबीना म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले लूममालक अब्दुर्रहमान सेठ यांची सून. घर, सासरे, दोन मुलं, आणि या सगळ्यांच्या फटीतून काढलेलं बी.ए. तिच्या शिक्षणाबद्दल सेठनी आजवर अवाक्षर काढलेलं नव्हतं. जा नाही, नको नाही. ती एकदा मला म्हणाली होती, “मॅडम, नको म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. अब्बा काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याच्या खालून मी रोज वाकून निघते.” गल्ली ओलांडायची होती तोवर हे वाकून निघणं जमत होतं. अंबाडीला जायचं तर सेठच्या तोंडून एक स्पष्ट हो लागणार होतं. ते येणार नाही अशी तिची खात्री होती, आणि तिचा चेहरा पाहून माझीही.

म्हणून मी पदर खोचला. अभ्यासिका करायची, आणि अशी करायची की समितीला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

अडचण एकच होती. आमच्या इमारतीला पाठ लावून सेठचा कारखाना. मधे गल्ली, ती एवढी अरुंद की दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीला माघारी जावं लागतं. आमच्याकडे फळ्यावर ‘अ’ काढायला गेलं तर लूमच्या हादऱ्याने त्याचा ‘आ’ होतो. चहाच्या ग्लासात सदैव लहान लहान वलयं उठत असतात, जणू तळ्यात कोणी अदृश्य मूल खडे टाकतंय. आम्ही प्राध्यापक मंडळी एरवीही ओरडूनच बोलतो. लग्नकार्यात लोक आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, काही भांडण झालंय का.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरचे सुताचे दलाल म्हणाले, भिंतीला गोधड्या मारा. शेजारच्या बेकरीवाल्याने अंड्यांचे ट्रे लावायला सांगितले, स्टुडिओत म्हणे असंच असतं. आणि आमचे हे, केसरीनाथ, ज्यांची राहनाळला भाड्याने दिलेली गोदामं आहेत आणि त्यामुळे जगातला कोणताही प्रश्न पॅकिंगने सुटतो असा ज्यांचा विश्वास आहे, ते जेवता जेवता म्हणाले, “अगो, थर्माकोल हाय ना आपल्याकरं. टीव्ही फुटत न्हाय त्याच्यात, तुजी शांतता काय फुटंल?”

मी रीतसर मुख्य परिसराकडे परवानगी मागितली. उत्तर आलं, की शांतता ही वस्तू समजायची की सेवा, हे आधी स्पष्ट करावं. वस्तू असल्यास साठा नोंदवहीत घ्यावी. भूपेशनी बराच विचार करून ‘नाशवंत वस्तू’ असं कळवलं. त्यावर पुढे काही आलं नाही. सरकारी आणि निमसरकारी मौन हे संमतीचं लक्षण असतं, नाहीतर बदलीचं. आम्ही पहिला अर्थ घेतला.

केसरीनाथांनी टेम्पो भरून थर्माकोल आणि खोके पाठवले. खोके उलगडून भिंतीला ठोकले तेव्हा वेळ थोडा होता, म्हणून छापील बाजू वर राहिली. परिणामी आमच्या ज्ञानमंदिराच्या पूर्व भिंतीवर ‘नाजूक माल, जपून हाताळा’, पश्चिमेला ‘ही बाजू वर’ आणि दारावर ‘एकावर एक रचू नये’ अशी सुभाषितं झळकू लागली. मला ती विद्यार्थ्यांच्या बाबतीत अगदीच गैरलागू वाटली नाहीत. छताला अंड्यांचे ट्रे लागले. त्यातल्या काहींना अंड्यांचा पूर्वजन्म आठवत होता, म्हणून मुंग्या आल्या. खिडकी थर्माकोलने बंद झाली, म्हणून दिवे लागले. दिव्यांनी उकडू लागलं, म्हणून पंखा लावला. पंखा कुरकुरत होता, म्हणून बंद केला. एप्रिल महिना. आत बसलं की आपण इडली आहोत अशी भावना होई.

मग चाचणी. भूपेश आत गेले आणि आतून सगळी ताकद लावून ओरडले. मी बाहेर गल्लीकडच्या गॅलरीत कान लावून उभी. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. मग मी आत गेले, आणि लूम माझ्या मांडीवर येऊन बसल्यासारखे वाजत होते. थोडक्यात, आतला आवाज बाहेर जात नव्हता आणि बाहेरचा आत बिनदिक्कत येत होता. केसरीनाथांना फोन केला तर म्हणाले, उलटा लागला असंल थर्माकोल. थर्माकोलला सुलट बाजू कुठली, हे ते आजतागायत सांगू शकलेले नाहीत.

उरला एकच मार्ग, तो म्हणजे सेठकडे जायचा.

अब्दुर्रहमान सेठ कारखान्याच्या दाराशी, स्टुलावर बसलेले असतात. पांढरी टोपी, पांढरी दाढी, आणि दाढीत अडकलेला कापसाचा एखादा तंतू, तो कुठून सुरू होतो ते कळत नाही. मी आधी सगळी प्रस्तावना केली. शिक्षणाचं महत्त्व, मुलींचं शिक्षण, भिवंडीचं नाव. ते ऐकत होते की ओठांकडे बघत होते, सांगता येत नाही. मधेच त्यांनी विचारलं, तुम्ही इतिहास शिकवता का. मी म्हटलं, मराठी. त्यांचा माझ्यातला रस तिथेच संपला. तरी मी चिकाटीने सांगितलं, की दुपारी अभ्यासिकेच्या वेळात लूम बंद ठेवले तर विद्यार्थ्यांवर उपकार होतील, तुमची सूनही तिथेच येऊन अभ्यास करणार आहे.

“रुबीना तिथं येऊन वाचनार?” सेठ एकदम ताठ झाले. “का? घरी काय वाईट हाय?”

मी मनात म्हटलं, सापडला. हाच तो विरोध, ज्याच्या खालून ती वाकून निघते. मी घरच्या कामांविषयी दोन खोचक वाक्यं टाकली. त्यांनी ती कापसासारखी झटकली आणि म्हणाले, “मॅडम, लूम म्हणजे रेडिओ नाय, कान पिळला की गप.”

तेवढ्यात आतून एजाज जॉबर हातात पाना घेऊन आला. जॉबर म्हणजे बिघडलेल्या लूमचा वैद्य. त्याने सेठना सांगितलं, की चार नंबर आज पुन्हा उघडतो. भिंतीलगतचा तो चार नंबरचा लूम किती काळ बंद होता कोण जाणे. माझ्या आठवणीत तो कधी चाललेलाच नाही. सेठ म्हणाले पार्ट मिळत नाही, राहू दे. एजाजने माझ्याकडे बघून आकाशाकडे हात केले. मला वाटलं, कारागिराचं वैराग्य.

परतताना दाराआडून रुबीनाने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. त्या स्वयंपाकघराची आणि कारखान्याची भिंत एकच. ओट्यावर पोळ्यांचा डबा, डब्यावर इतिहासाचं पुस्तक उघडं, त्यात खूण म्हणून लसणाची पाकळी. अब्बा काय म्हणाले, तिने विचारलं. मी म्हटलं, विरोध आहे, पण तू ये. ती आली. अभ्यासिका उघडली त्या दिवसापासून पुस्तक घेऊन गल्ली ओलांडून यायला लागली, आणि उकडत, मुंग्या झटकत, मान खाली घालून बसायला लागली.

आणि मग एका दुपारी चमत्कार झाला. लूम थांबले. एक नाही, दोन नाही, सगळे. माझ्या चहातली वलयं विरली. ग्लासात पहिल्यांदाच मला माझं तोंड स्वच्छ दिसलं, आणि ते विजयी होतं. मी भूपेशना पेढे आणायला पाठवलं.

भूपेश पेढ्यांऐवजी गर्दी घेऊन परतले. भिवंडीत लूम थांबणं म्हणजे काय, हे मी विसरले होते. अख्खी गल्ली घराबाहेर आली होती. कोण गेलं, असं एक विचारत होता. सेठ आहेत ना बरे, असं दुसरा. झोळीतली पोरं खडबडून उठून भोकाड पसरत होती. दुपारच्या झोपेतली म्हातारी माणसं डोळे चोळत, भूकंप थांबला का, अशा चेहऱ्याने ओट्यावर बसली होती. एकाने संप आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्याला पक्की खबर होती, की सेठनी कारखाना विकला आणि तिथे आता कुरियरचं गोदाम होणार. दोन घरांत कुजबुजत चाललेली भांडणं सगळ्या गल्लीला ऐकू गेली आणि त्यातून तिसरं सुरू झालं. मीरा-कबीराने गायलेली शांतता वेगळी असावी. ही शांतता लोकांच्या अंगावर खाजकुयलीसारखी पडली होती.

अभ्यासिकेत काय चाललं होतं ते तर त्याहून वाईट. पोरं पुस्तकं उघडून बसलेली. पान उलटलं की सगळे त्याच्याकडे बघत. कोणाचं तरी पोट बोललं, ते सगळ्या खोलीने ऐकलं आणि ज्याचं बोललं नव्हतं तो लाजला. क्षितिजाला हसू फुटलं, तिने ते दाबलं, तर ते नाकातून निघालं. पाठीमागच्या बाकावर दोघं झोपून गेले आणि एक घोरू लागला. रुबीना ओठ मिटून एकाच पानाकडे बघत होती, जसं कोणी बंद दाराकडे बघतं.

दुसऱ्या दिवशी निम्मीच पोरं आली. पुढे कोणाच्या मामाचं लग्न निघालं, कोणाच्या घरी पाहुणे, एकाला तर नुसतंच ‘बरं वाटत नव्हतं’. लग्नाचा हंगाम होता, मी विश्वास ठेवला. पण एकाच मामाचं लग्न तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मला शंका आली. आणि समिती चार दिवसांवर, परीक्षा तिच्या मागोमाग.

मी क्षितिजाला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मॅडमनी एवढं केलं, थर्माकोल आणला, सेठच्या दारात गेल्या, मग कोण सांगणार, असं सगळ्यांचं ठरलं होतं म्हणे. अख्खा वर्ग मला सांभाळून घेत होता. विद्यार्थी सहाय्य कक्षाला विद्यार्थ्यांनी सहाय्य करण्याची ही विद्यापीठाच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

“मॅडम, तिथं पाठ व्हत न्हाय,” ती शेवटी म्हणाली. “आमी सगली मोठ्यानं वाचतो. घरी लूम चालू असतं, कोनाला ऐकू जात न्हाय, म्हनून लाज वाटत न्हाय. चुकला तरी आपला आपल्याला. तुमच्या त्या खोलीत श्वास घेतला तरी वाटतं कोनी मार्क देतंय.”

“आणि रुबीना? ती घरी तरी वाचते ना?”

“कशी वाचंल? दिवसरात लूमच बंद. तिचा आवाज आता सगल्या घराला ऐकू जाईल.”

फिल्टरमधून पाणी ठिबकत होतं. तेवढ्या आवाजात हौसा आत्या माझ्या कानात उठून बसली आणि तिने दुसरी ओळ पहिल्यांदाच पूर्ण म्हटली. लूम झाला मुका, त फुटं नीजंचा घडा. आम्हा लोकांना ती खडखड म्हणजे गोंगाट नव्हता, पडदा होता. त्या पडद्याआड झोप येत होती, भांडणं होत होती, आणि पोरीबाळी मोठ्याने शिकत होत्या. मी तो पडदा काढून घडी घालून ठेवला होता, आणि वर पेढे मागवले होते.

आता मानी माणसाने काय करावं? मानी माणसाने दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं. मी भूपेशना विचारलं, त्यांची पाठ अचानक धरली. केसरीनाथ म्हणाले, थर्माकोल लागला तर सांग. तेव्हा मीच गेले.

सेठ स्टुलावर होते, पण मलूल दिसत होते. आत कामगार बंद लूमच्या मधल्या जागेत आडवे होऊन मजेत झोपलेले. मी घसा साफ करून म्हटलं, की कृपा करून लूम सुरू करा. सेठनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी चष्मा पुसून घेतला.

“पहिला बोललात बंद करा. आता बोलता चालू करा,” ते म्हणाले. “तुमच्या विद्यापीठात असा कोर्स हाय का?”

मी मुकाट्याने सगळं सांगितलं. पाठांतर, लाज, पडदा. रुबीनाचं वाचन घरीही थांबलंय, हे सांगताना त्यांचा हात दाढीतल्या तंतूवर थांबला. पण हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या प्रसिद्ध मौनाखालून त्या दिवशी मीही वाकूनच निघाले.

समिती आली. अध्यक्ष, एक सदस्य आणि एक बिस्किटं खाणारे. अभ्यासिका भरलेली होती. माझी दया येऊन सगळी पोरं आली होती. लूम बंदच होते. अध्यक्षांनी ‘नाजूक माल’ वाचलं, ‘ही बाजू वर’ वाचलं, वर पाहिलं, तिथे अंड्यांचे ट्रे. पण शांततेवर ते खूष दिसले. कानामागे हात धरून म्हणाले, उत्तम. मग त्यांनी क्षितिजाला विचारलं, काय वाचते आहेस. ती काहीतरी पुटपुटली. रुबीनाला विचारलं, तर तिचे ओठ हलले आणि आवाज बाहेरच आला नाही. चारपाच जणांना विचारून झालं. सगळे जणू पाण्याखालून उत्तरं देत होते.

“शांतता आहे,” अध्यक्ष म्हणाले, “पण अभ्यास कुठे आहे?”

आणि गल्लीपलीकडे एक लूम खाकरला. मग दुसरा, तिसरा. खिडकीवरचा थर्माकोल थरथरला. माझ्या ग्लासात ते अदृश्य मूल परत येऊन खडे टाकू लागलं. सगळ्या माना एकदम वर झाल्या, पाऊस झाल्यावर रोपं होतात तशा, आणि कोणी न सांगता सगळी खोली मोठ्याने वाचू लागली. कोणी अर्थशास्त्र, कोणी व्याकरण, गोदामवाले मालाच्या नोंदी. क्षितिजा तर सुरात वाचत होती, तिच्या घरातही कोणी धवले गात असणार. अध्यक्षांनी ओरडून प्रश्न विचारले आणि त्यांना ओरडून उत्तरं मिळाली, बरोबर उत्तरं. बिस्किटवाले सदस्य बिस्किट विसरले. मला वाटलं, आपण जिंकलो.

पण अध्यक्ष नियमांचे माणूस. त्यांनी कानांवर हात ठेवून खूण केली, आणि भूपेश धावत जाऊन, एजाजच्या हातापाया पडून लूम थांबवून आले. पाठोपाठ जिन्यावर चपलांचा आवाज झाला. आपण आत्ता कुठे चालू केलेले लूम बंद कोण करतंय, हे बघायला अब्दुर्रहमान सेठ स्वतः वर आले होते. मागे पाना घेऊन एजाज. मी अध्यक्षांना सांगितलं, की हे लूमचे मालक आणि रुबीनाचे सासरे.

निर्णय काय झाला तो इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तो मधे येणार नाही. केंद्र भिवंडीतच राहिलं. अध्यक्षांनी अहवालात ‘स्थानिक सस्वर अध्ययनपद्धती’ असा शब्दप्रयोग केला, आणि अंबाडीचे प्राध्यापक आता ती पद्धत बघायला येतात. शिल्लक थर्माकोलच्या विल्हेवाटीबद्दल पत्रव्यवहार अजून सुरू आहे. पण हे सगळं नंतरचं, आणि सेठ जे बोलले त्याच्यामुळेच. त्या क्षणी अध्यक्षांचं मत पक्कं झालेलं होतं.

ते सेठना समजुतीच्या स्वरात म्हणाले, की मुलं हुशार आहेत, पण शिक्षणाला शांतता लागते, आणि ती अंबाडीला भरपूर आहे. तुमच्या सूनबाईंना तिकडे पाठवायला तुमची काही हरकत नाही ना?

रुबीना पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. ज्या एका शब्दासाठी ती इतके दिवस थांबली होती, तो आता चारचौघांत पडणार होता.

“हाय,” सेठ म्हणाले. “हरकत हाय.”

तिने पुस्तक मिटलं. छतावरून एक मुंगी पडली तीही मला ऐकू आली.

सेठनी टोपी काढली, आत काहीतरी लिहिलेलं असावं तशी ती पाहिली आणि परत घातली. “चार नंबरला काय झालेला नाय,” ते म्हणाले.

“मैं तो पहले दिन से बोल रहा हूँ,” मागून एजाज म्हणाला.

“तू गप रे. मीच बंद ठेवलेला.” सेठ अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलत होते, सुनेकडे बघवत नसावं. “चार नंबर भिंतीला लागून हाय. तो चालला की किचनमधला काय ऐकू येत नाय. बाकीच्या मशीना चालू असल्या की हिला वाटतो कोणी ऐकत नाय, मग ही खुलून वाचते. मी भिंतीच्या अलीकडं स्टूल टाकून बसतो. पहिल्या वर्षापासून बसतो. मॅडम, तुम्हाला वाटला सगळ्या मशीना मी तुमच्यासाठी बंद केल्या. नाय. ही तुमच्याकडं येऊन वाचायला लागली, मला वाटला सगळा बंद केला तर गल्लीपलीकडनं तरी कानावर येईल. तुम्ही भिंतीला हा कचरा मारून ठेवलेला. शब्द बाहेर येत नाय. म्हणून आज परत चालू केल्या, निदान घरी तरी वाचेल.” मग ते अध्यक्षांना म्हणाले, “आणि हिला अंबाडीला न्याल तर मी तिथं माळावर स्टूल टाकू काय?”

रुबीनाने डोळे वर केले. मी तिला इतके दिवस ओळखते, पण तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

सेठ शेवटी तिच्याकडे वळले, आणि गिऱ्हाइकाने दुकान बंद व्हायच्या आत घाईने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“बेटा, तो फ्रान्सचा राजा. वेष बदलून, बायकापोरं घेऊन बग्गीत बसला, तिथंच तू थांबलीस, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांची ही खोली उघडली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाय. सांग ना. निसटला का धरला?”